चंद्राच्या गिरणीसाठी एकसष्ट कार्डं

माझं अक्षर फार चांगलं आहे. ही फुशारकी नव्हे. पुढं जे घडलं ते या अक्षरामुळंच घडलं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

गोष्ट एकाहत्तर सालची, मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची. सोनईपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. राधाकृष्ण मास्तर. गावात चार बुकं शिकलेली माणसं नव्हती असं नाही, पण पत्र लिहायचं म्हटलं की सगळे माझ्याकडंच यायचे. रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर मी जांभळ्या शाईची दौत घेऊन बसलो की रांग लागायची. लोक सांगत ते जसंच्या तसं लिहायची माझी रीत नव्हती. ‘म्हस व्याली, रेडी झाली, तुजी आय बरी हाय’ एवढं सांगून माणूस मोकळा व्हायचा, आणि मी त्याचं वरच्या नमस्कारापासून खालच्या ‘लोभ असावा’पर्यंत नीट, नटवलेलं पत्र करून द्यायचो. खाली माणूस अंगठा उठवायचा. पोस्टमन म्हणायचा, “मास्तर, तुमच्या गावात सगळ्यांचं अक्षर मोत्यावानी.” मला गुदगुल्या व्हायच्या. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे तेव्हा कळायला हवं होतं.

ग्रामपंचायतीला सरकारकडून एक रेडिओ मिळालेला होता. तो चावडीतल्या कपाटात असायचा, त्याची किल्ली छगन शिपायाच्या करगोट्याला, आणि कर्णा बाहेर लिंबाच्या झाडावर. बातम्या आणि बाजारभाव लागले की माणसं ऐकल्यासारखं करत आपापल्या गप्पा मारायची. पण त्या वर्षी चैत्रात, दर गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला, ‘चंद्राची गिरणी’ सुरू झाली आणि गावाला वेडच लागलं. कुठल्या केंद्रावरून ते सांगत नाही. तिथली माणसं भली होती, उगाच त्यांच्या नावाला बट्टा नको.

श्रुतिका साधीच. नवऱ्यानं टाकलेली चंद्रा माहेरी जात नाही, सासरच्याच गावात पिठाची गिरणी घालते. दळण घेऊन येणाऱ्या बायका आपली सुखदुःखं तिच्यापाशी बोलतात आणि चंद्रा त्यांना खणखणीत उत्तरं देते. बस. पण ती जे बोलायची ते आमच्या बायकांच्या पोटातलं असायचं. बनुबाई म्हणजे गावातली सगळ्यात तिखट जिभेची म्हातारी. ती पहिल्याच गुरुवारी म्हणाली, “ह्या बाईला आपल्या गावचं समदं म्हाईत कसं?”

तिनं सहज म्हटलं, पण मी चपापलो. कारण चंद्राचं पहिलं वाक्य ऐकल्याबरोबर मी तो आवाज ओळखला होता. वाक्याच्या शेवटी आल्यावर ती क्षणभर थांबायची, श्वास घ्यायची आणि मग शेवटचा शब्द ठेवायची. धडा वाचतानाची ही खोड मोडावी म्हणून मी तिच्या हातावर छड्या मारल्या होत्या. रेडिओवर नाव सांगितलं ‘कुमारी मीना’. पण ती आमच्या एलियाची मरिया होती.

आणि एलियानंही ओळखलं. तो गवंडी. वाड्यावस्त्यांवर भिंती बांधायचा आणि रविवारी चर्चची घंटा वाजवायचा. त्या दिवशी कामावरून परतताना घमेलं डोक्यावर घेऊन तो चावडीपुढून चालला होता. चंद्रा बोलली तसा तो जागच्या जागी थांबला. घमेलं खाली ठेवलं. मग तिथंच रस्त्याच्या कडेला मातीत बसला आणि श्रुतिका संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट अशी होती. मरियाला मिशनच्या दवाखान्यात नर्सचं शिकायला घातलं होतं. ते अर्ध्यावर सोडून ती नाटकाच्या कंपनीत गेली. त्यानंतरच्या रविवारी, उपासना संपल्यावर, चर्चच्या दारात पन्नास माणसांसमोर एलिया म्हणाला, “आजपास्नं मला पोरगी न्हाई.” बायको आधीच गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. माणूस घरात बोललेलं चुलीत घालू शकतो, चार माणसांत बोललेलं गिळता येत नाही. त्यानं तिचं नाव घेतलं नाही आणि तिनं पत्र टाकलं नाही. बापाला वाचता येत नाही आणि आलेलं पत्र मास्तरच वाचणार, हे तिला माहीत होतं.

आता दर गुरुवारी एलिया सगळ्यांच्या आधी चावडीपुढं येऊन बसू लागला. कर्ण्याच्या बरोबर खाली. आणि गावाचं कौतुक असं की कोणी एक अक्षर बोललं नाही. आमचं गाव एरवी कोणाच्या घरात काय शिजलं ते वासावरून सांगणारं. पण इथं सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखं मौन धरलं. बोलायचं ते चंद्राबद्दल.

“आज चंद्राचा घसा बसलाय,” एलिया एका गुरुवारी म्हणाला.

“व्हय, सर्दी झाली असंल,” बनुबाई म्हणाली. “आल्याचा काढा घ्याया पायजे तिनं.”

“तिला काढा आवडत न्हाई,” एलिया म्हणाला आणि लगेच गप्प झाला. आम्ही सगळे कर्ण्याकडं बघत बसलो.

त्या पुढच्या गुरुवारपर्यंत त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमच्या शाळेची पडकी भिंत तो बांधत होता, ती दोनदा वाकडी उठली. गुरुवारी आवाज मोकळा आला तेव्हा तो मोठ्यानं हसला. माणसाला लेकीची खुशाली कळायला एवढं पुरतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

असं चार-पाच महिने चाललं. मग पोळ्याच्या सुमारास चंद्राच्या तोंडात काहीतरी भलतंच आलं. दळण घेऊन आलेल्या बाईला ती एकदम म्हणाली, “काकू, यंदा हायब्रीड पेरा, आणि युरियाची मात्रा तीन हप्त्यांत विभागून द्या.”

आम्ही एकमेकांची तोंडं बघितली.

“गिरनीवाली कवापास्नं खत सांगाया लागली?” बनुबाई कडाडली.

पुढच्या गुरुवारी गिरणीत एक शेतकी अधिकारी आला आणि त्यानं फवारणीवर भाषण ठोकलं. चंद्राच्या वाट्याला “हो का?” आणि “बरं झालं सांगितलंत” एवढंच आलं. एलियानं ते दोन तुकडे ऐकले आणि घरी गेला. वीस मिनिटांतली दोन वाक्यं. तहानलेल्याला चूळ भरायला पाणी द्यावं तसं झालं.

आता रंगनाथ. याचं गावात किराणा दुकान. याचा कोणीतरी साडू त्या केंद्रात चपराशी होता, म्हणजे असं रंगनाथ सांगायचा. माल भरून तो शहरातून परत आला आणि पारावर टेकायच्या आधीच म्हणाला, “वरनं कागद आलाय. नवऱ्याबिगर राहनारी बाई रेडिओवर नको म्हनत्यात. समाज बिघडतुया. दिवाळीपतूर चंद्राला नदीत बुडिवनार.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण खताचं आम्ही कानांनी ऐकलं होतं, त्यामुळं बुडवणंही खरं वाटलं. वरचे लोक चांगल्या गोष्टीत नाक खुपसल्याशिवाय राहत नाहीत, यावर गावाचं एकमत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरल्याबरोबर एलिया दारात उभा. हातावर वाळलेला चुना तसाच.

“मास्तर, खरं हाय का? चंद्राला मारनार?”

“रंगनाथ सांगतो तसं. मला काय माहीत?”

“मारल्यावर आवाज बंद हुईल न्हवं?”

पोरं पाढे म्हणत होती. मी त्याला बाजूला घेतलं. त्याच्याकडं बघवत नव्हतं. चार वर्षं काही न मागता जगलेल्या माणसाला आठवड्यातून वीस मिनिटं मिळाली होती आणि तीही जाणार होती.

“काही करता येईल का, बघतो,” मी म्हणालो.

कल्पना बनुबाईची. “समद्यांनी कारडं टाकायची. एकाचं कोन ऐकतं? समदं गाव बोललं तर त्यास्नी भ्यावंच लागंल.” आणि समद्या गावानं बोलायचं म्हणजे काय, तर समद्या गावानं माझ्या ओट्यावर यायचं.

सोनईच्या पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणवला. तीन दिवस मी लिहीत होतो. असा उत्साह मला माझ्या लग्नातही नव्हता. कोणी म्हणायचं, “चंद्राला बुडवू नका म्हनावं.” मी लिहायचो, “सदर श्रुतिकेतील चंद्रा ही आम्हा ग्रामीण भगिनींची आशा असून तिच्या जीविताशी आपण खेळ करू नये, ही नम्र विनंती.” कोणाच्या कार्डात धरणाची उपमा, कोणाच्या कार्डात संतांचा दाखला. प्रत्येक कार्ड वेगळं व्हावं म्हणून मी जिवाचं रान केलं. वेगळं नव्हतं ते एकच, अक्षर. तीच जांभळी शाई, तोच माझा झोकदार शेपटीचा ‘श्र’. शाळेच्या शाईच्या पॅडवर एकेक अंगठा दाबला जात होता आणि माझ्या मनात एवढंही आलं नाही की हे सगळं एका टेबलावर एकत्र पडणार आहे. गावात पत्रं अशीच लिहिली जातात. त्यात कोणाला काही खोटं दिसेल, हे सुचणार तरी कुठून?

एलिया शेवटी आला. साठ कार्डं झाली होती. समोर येऊन बसला.

“सांगा एलियाबाबा. काय लिहू?”

“लिवा,” तो म्हणाला. “चंद्राला बोलू द्या.”

“पुढं?”

“पुढं काय न्हाई.”

“अहो, एवढंसं बरं दिसत नाही. मी जरा...”

“मास्तर,” तो म्हणाला, “ह्याच्यात तुमचं काय घालू नगा.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण लिहिलं. मोकळ्या कार्डावर तीन शब्द, खाली ‘एलिया, गवंडी’ आणि त्याचा अंगठा. सगळी कार्डं छगननं एकाच दिवशी सोनईच्या पेटीत टाकली.

पुढचा गुरुवार बरा गेला. चंद्रा भरपूर बोलली, खताचा विषय निघाला नाही. “बघा, घाबरलं का न्हाई?” बनुबाई म्हणाली. रंगनाथानं सगळ्यांना गुळाची ढेप फोडून वाटली. एलियानं आपला खडा तोंडात न टाकता धोतराच्या सोग्यात बांधून ठेवला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी गिरणीचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला, दाराची कडी वाजली आणि चंद्रा म्हणाली, “या वहिनी, आज उशीर केलात.”

आवाज वेगळा होता.

चांगला होता, गोड होता. पण दुसऱ्याच कोणाचा तरी होता. छगननं आधी बटण पिळलं, मग रेडिओवर थाप मारली. बनुबाई म्हणाली, “ही कोन भवानी?” एलिया शेवटपर्यंत बसला. उठताना म्हणाला, “आजारी असंल.”

पुढच्या गुरुवारी परत तो वेळेआधी आला. परत दुसराच आवाज. “मोठं दुखनं असंल. बरी झाली की यील.” त्याच्या पुढच्याही गुरुवारी आला. आता बाकीची माणसं यायची थांबली होती. बायकांनी तर त्या नव्या चंद्राला पहिल्याच दिवशी वाळीत टाकलं होतं. कर्ण्याखाली एकटा एलिया, आणि चावडीच्या पायरीवर मी. परक्या बाईच्या आवाजात तो आपल्या लेकीचं थांबणं शोधत होता. ती बाई कुठंच थांबत नव्हती. भरभर बोलत होती.

चौथ्या आठवड्यात मला शाळेच्या पत्त्यावर पाकीट आलं. ते मी चाळीस वेळा तरी वाचलं असेल, त्यामुळं पाठ आहे.

‘गुरुजींना मरियाचा नमस्कार. साहेबांनी मला बोलावलं तेव्हा टेबलावर कार्डांचा ढीग होता. ते म्हणाले, एका गावाहून, एका दिवशी, एका हातची एकसष्ट कार्डं. हे गाव तुमचं कोण? तुमचं अक्षर मी लांबूनच ओळखलं होतं. मी खोटं बोलले नाही. कलाकारानं स्वतःसाठी पत्रं लिहवून घेतली असं दिसलं की त्याला काम देता येत नाही, असा त्यांचा नियम आहे. ते वाईट नाहीत, त्यांनाही अवघड वाटलं. चंद्राला कोणी मारणार नव्हतं, गुरुजी. खताचे ते दोन भाग शेतकी खात्यासाठी होते, तेवढेच. मी तुमच्यावर रागावले नाही. साठ कार्डं वाचताना तुम्ही वर्गात बोलताय असं वाटलं. एका कार्डावर मात्र अक्षर तुमचं आणि बोलणं बाबांचं होतं. ते मी साहेबांकडून मागून घेतलं. एवढंच विचारायचं आहे. बाबांनी मला ओळखलं होतं का? की तो अंगठा चंद्रासाठीच होता?’

खाली पत्ता होता.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी वर्गाला सुट्टी दिली आणि शाळेमागं गेलो. एलिया भिंतीच्या शेवटच्या थरावर होता. त्याला खाली बोलावलं आणि आधी माझा गुन्हा सांगितला, मग पत्र वाचलं. त्यानं चारदा वाचायला लावलं. शेवटच्या ओळीशी आलो की तो मान दुसरीकडं करायचा.

“ओळखलं का, इचारती,” तो म्हणाला. “ओळखलं का!”

“माझ्या अक्षरानं तिचं काम घालवलं, एलियाबाबा.”

“तुमी लिवलं, अंगठा तर माजाच हाय. मी तरी काय केलं, मास्तर? ती बोलत हुती तवर मी फुकट ऐकत बसलो. चार वरसं माजं तोंड बंद, आन तरी मला तिचा आवाज मिळत हुता. म्या म्हनलं, ह्येच बरं.” तो हातातली थापी खाली ठेवत म्हणाला, “आता तिला आपुन गप केली. आता मला बोलाया पायजे.”

मी खिशातून कोरं कार्ड काढलं. सवयच ती. “सांगा. आत्ताच्या टपालानं टाकतो. तुम्ही सांगाल ते, माझं काही घालणार नाही.”

त्यानं चुन्याच्या हातानं ते हळूच माझ्याकडं परत सरकवलं. “कारड नगं. पत्त्याचा कागद तेवढा द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीला मी त्याला पोचवायला गेलो. नगरला गाडी बदलायची, कंडक्टरला कागद दाखवायचा, सगळं दोनदा सांगितलं. त्यानं रविवारचा पांढरा सदरा घातला होता. बाजाराचा दिवस, फाट्यावर पंधरा-वीस माणसं उभी. बनुबाई पाटी घेऊन बसलेली. तिनं विचारलं, “कुनीकडं, एलियाभाऊ?”

सगळ्यांच्या माना वळल्या. एलियानं घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “माज्या पोरीकडं.”

बनुबाईनं पाटीतले दोन पेरू काढून त्याच्या पिशवीत टाकले.

गाडी आली. एलियानं पायरीवर पाय ठेवला आणि तो मागं वळला. माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाला, “मास्तर, दार उघडल्यावर पैलं काय म्हनू?”

अख्ख्या गावाला मी शब्द पुरवले होते. लग्नाचे, मयताचे, भांडणाचे, माफीचे. तोंड उघडलं, पण जे जे सुचत होतं ते सगळं कार्डावर लिहायचं होतं. एका बापानं दारात उभं राहून म्हणायचं त्यातलं काहीच नव्हतं.

“मला नाही माहीत, एलियाबाबा,” मी म्हणालो.

कंडक्टरनं घंटी मारली.

“मंग बरं हाय. माजं मीच म्हनंन,” एलिया म्हणाला आणि आत चढला.